छत्तीस ग्रॅम

उद्यमनगरात माझं लेथ आहे, जुनं, बटाल्याचं,
पंपाचे शाफ्ट, बुश, उसाच्या चरकाचे गुडदे, असलं काम.
शिरीन बागवान पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्या हातात पुठ्ठ्यावर काढलेली एक कडी होती.
“मेस्त्री, पितळेची पायजे. आत थ्रेड.
बंदुकीच्या नळीवर चढवायची.”
मी म्हटलं, पोरी, बंदूक काय बैल हाय व्हय, घुंगरू घालायला?
हसली नाही. वजन सांगितलं: छत्तीस ग्रॅम.
ना पस्तीस, ना सदतीस.

मग कळत गेलं हळूहळू.
रिकामी बंदूक चार किलोच्या थोडी वर.
तिच्यावर मागचं भिंग, त्याच्याखाली उंची वाढवायला ठोकळा,
गालाला टेकायची फळी, खांद्यात रुतणारा आकडा,
डाव्या तळहाताखाली लाकडाचा उंचवटा,
आणि प्रत्येकाचे स्क्रू, आणि स्क्रूंचे वायसर.
एकटं बघितलं तर कशालाच वजन नाही.
लग्नाच्या पंगतीत सगळे “अर्धीच पोळी” म्हणतात,
तसं.

शिवाय वजन कुठं बसतं त्यावर सगळं.
पुढं टाकलं की नळी ठाम राहते,
पण चाळिसाव्या गोळीला कंबर भांडायला लागते.
मागं टाकलं की बंदूक हलकी वाटते,
खोटी हलकी,
आणि टोक माशीगत फिरतं.
हे ती मला चहा गार होईस्तोवर समजावायची,
स्टुलावर उभी राहून, हातात माझा पाइप पाना धरून.
मी चार कड्या फुकट घालवल्या.
पाचवी बसली.

नियम साडेपाच किलोचा. त्याच्या वर एक ग्रॅम नको.
वजन केलं तिच्या अब्बांच्या गाळ्यावर, लक्ष्मीपुरीत,
सफरचंदांची पेटी बाजूला सारून,
काट्यावर बंदूक आडवी.
दोन गिऱ्हाइकं मागं सरकली.
आकडा आला: पाच चारशे नव्वद.
अब्बांनी मला एक पेरू कापून दिला, मीठ लावून.

दुधाळीच्या रेंजवर तपासणीच्या टेबलाशी मीही गेलो होतो,
आपल्या पितळेची परीक्षा म्हणून.
तिथल्या काट्यावर आला: पाच पाचशे एकतीस.
टेबलामागच्या बाईंनी पुन्हा ठेवायला लावली.
पाच पाचशे एकतीस.
शिरीन माझ्याकडं बघायला लागली, मी माझ्या बुटांकडं.
मोबाइलवर अब्बांना विचारलं, काटा तपासला कधी?
तिकडं गप्प.
मग म्हणाले, बेटा, तो मीच सेट करून घेतलाय.
किलोला सात-आठ ग्रॅम कमी दाखवतो.
गिऱ्हाइकाच्या पिशवीत थोडं जादाच जावं.
तुझ्या दादांचा तराजूही तसाच झुकायचा.

पोरगी चिडली नाही. एक श्वास घेतला,
नळीवरची कडी दोन बोटांनी फिरवली,
थ्रेड लोण्यासारखा सुटला (तेवढं म्हणेन मी माझ्या कामाबद्दल),
आणि कडी माझ्या हातात दिली.
पाच चारशे पंच्याण्णव. बाईंनी स्टिकर चिकटवलं.
आत जाताना एवढंच म्हणाली,
“टोक आज फिरणार, मेस्त्री.”

फिरलंच असणार.
मला लांबून काही दिसलं नाही,
पाठमोरं ताठ जाकीट दिसलं,
आणि खांदा, जो साठ वेळा उचलला गेला
आणि साठ वेळा खाली आला.
निकाल भिंतीवर लागला तेव्हा मी गाडी काढत होतो.
सातवी. आठ जणी पुढच्या फेरीत जाणार होत्या.

कडी अजून माझ्या लेथवर आहे, ड्रॉइंगवर ठेवायला.
वारा सुटला की कागद हलत नाही.
अब्बांचा काटा? तसाच आहे.
परवा दोन किलो चिकू घेतले, घरी मोजले.
शिरीन आता तिथं बंदूक ठेवते
आणि आकड्यात एक्केचाळीस मिळवते, तोंडानं,
न विसरता.