सरकारांची प्रकृती ठीक

रोज सकाळी दफ्तरात ही एकच ओळ.
लिहायचे मिरजेहून आणलेले त्र्यंबकशास्त्री मोघे.
शाई मी घोटायचो, ब्राह्मीही मीच.
संध्याकाळी बोटांवरचा कुठला डाग कशाचा
मलाही सांगता येत नसे.

खानापूरच्या पुढं, रान दाट होतं तिथलं
आमचं साडेतीन गावांचं संस्थान.
सरकार वरच्या माडीवर. वय अठ्ठावीस.
म्हणायचे, मलप्रभा आत आली आहे.
धोतर गुडघ्यापर्यंत उचलून
पलंगाकडे जायचे, जपून, तळ चाचपत.
शास्त्रीबुवाही निऱ्या वर धरून मागोमाग.
काठाला लागल्यासारखे टेकायचे,
मगच नाडी बघायचे.

दहा वर्षं मुरलेलं तूप, जटामांसी,
कपाळावर तेलाची धार,
माझा हात भरून येईपर्यंत.
बेळगावच्या कँपातून फर्नांडिस डॉक्टर यायचे छकड्यातून,
ब्रोमाइडची बाटली ठेवायचे,
जिन्यात हळूच विचारायचे, "झोपले का?"
दोघांचं भांडण कधी झालं नाही.
एजंटसाहेबाच्या कागदावर एक शब्द पडला
की खजिन्याला सील, आणि सरकार
कुठल्याशा दगडी इमारतीत, नंबर लावून.
म्हणून माडीला बाहेरून कुलूप. किल्ली शास्त्र्यांच्या जानव्याला.

दिवसा सरकार मराठी बोलत, फर्मानातल्यासारखी.
रात्री कानडी, दाईकडून आलेली.
वैद्याला कळायची नाही, डॉक्टरला कळायची नाही.
वात बडबडतो, शास्त्री म्हणायचे.
मला कळायची.
मला कुणी विचारलं नाही.
अकरा रात्री मी खलात तेच ते कुटत राहिलो
आणि दाराआडून तेच ते:
बागला तगी, यव्वा. बागला तगी.

बाराव्या रात्री सांगितलं. दार उघड म्हणतायत. आईला म्हणतायत.
शास्त्री बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग किल्ली काढताना जानवं गुंतलं,
सुटेना, तसंच वाकून त्यांनी कुलूप उघडलं.

सरकार उंबऱ्यापर्यंत आले. काळोखा जिना पाहिला.
कुठं गेले नाहीत.
"असू दे उघडं," म्हणाले, मराठीत,
आणि पाण्यातूनच परत गेले.

बरे झाले असं म्हणणार नाही.
सकाळी शास्त्र्यांनी बोरू माझ्या हातात दिला, पहिल्यांदाच.
मी लिहिलं: आज पाणी घोट्यापर्यंत.
त्यांनी वाचलं. पान फाडलं,
घडी घालून पगडीत ठेवलं,
आणि नव्या पानावर, ठळक अक्षरात,
सरकारांची प्रकृती ठीक.