उभ्याने धाप

रुस्ताकच्या सनैयात, चार नंबरच्या शटरसमोर
खल्फानची पिकअप नुसती उभी राहून धापा टाकतेय.
न्यूट्रलला काटा दोन हजारावर,
रेसवर कुणाचा पाय नाही,
तरी बॉनेट थरथरतंय.
म्हातारा हात वर नेऊन चढ दाखवतो आणि हात तिथेच गळू देतो.
"वागिफ, जोर वाजिद. जबल, कुव्वत माफी."
उभ्याने जोर फार. डोंगर आला की अंगात काही नाही.

अठ्ठ्याऐंशीचं मॉडेल, कार्बोरेटरचं.
मूळ रंग कुठला ते दाराच्या आतल्या कडेलाच कळतं.
हौद्याच्या बिजागरीत बकरीचे केस.
आजवर तिघांनी हात लावलाय:
एकाने आयडलचा स्क्रू सैल केला,
दुसऱ्याने आणखी सैल, गळून पडायचा बाकी ठेवला,
तिसऱ्याने कार्बोरेटरच बदला म्हणून साठ रियाल सांगितले.
स्क्रूच्या डोक्यावरची खाच झिजून वाटी झालीय.

केबल बघितली. मोकळी.
चोक उघडा.
फिल्टर झटकला तर अर्धी वादी बाहेर पडली,
पण दुखणं ते नव्हतं.
प्लग काढले: चारही पांढरे, चुन्याचं बोट पुसल्यासारखे.
म्हणजे कुठून तरी हवा आत शिरतेय
मोजमापाबाहेरची.

चिपळूणच्या आयटीआयला आमचे सावर्डेकर सर म्हणायचे,
इंजिन सांगत असतं रे, तुम्हालाच पाना उचलायची घाई.
(सर स्वतः रोज एम-एटी ढकलत यायचे.)
रुहुलला म्हटलं कंप्रेसर बंद कर, पंखा बंद कर,
शेजारच्या टायरवाल्याला नुसता तळहात दाखवला.
मग आलं ऐकू,
कुकर शिटी द्यायच्या आधी चाचपडतो ना, तसं,
बारीक.

मॅनिफोल्डच्या कडेने स्प्रे मारत गेलो, बोट बोट.
काही नाही.
काही नाही.
डिस्ट्रिब्युटरच्या खाली पोचलो आणि इंजिन अडखळलं,
मागून नावाने हाक आल्यासारखं.

करंगळीएवढी व्हॅक्यूमची नळी.
वरून धडधाकट, खालच्या अंगाने उभी फाटलेली.
तिच्यातून हवा आत, म्हणून उभ्याने धाप.
तिच्यातून ओढ पोचत नाही, म्हणून ठिणगी उशिरा,
म्हणून चढावर पाय लटके.
तक्रारी दोन. भोक एक.

उपटली तेव्हा टोकाला तांब्याची तार दिसली:
तीन वेढे, आणि शेवट आत दुमडलेला,
पुढच्याचं बोट फाटू नये म्हणून.

या सनैयात अशी तार मी एकटा बांधतो.

नळी माशांच्या काचपेटीची आहे.
माझं पहिलं वर्ष. उस्ताद मुनव्वर जुम्म्याला गेलेले,
खरी नळी मस्कतहून शनिवारी येणार,
आणि मी म्हटलं होतं, चालतंय.
सात वर्षं झाली.
त्यातली किती ती चालली
आणि किती वर्षं म्हातारा पहिल्या गिअरमध्ये
गवताच्या पेंढ्या वर चढवत राहिला,
कुठल्या वहीत सापडणार.

नवी बसवली तर इंजिन बंदच पडलं.
साहजिक आहे, तिघांनी स्क्रू पार सोडलेला.
पाव पाव फेऱ्याने वर आणलं, आठशेला टेकवलं.
टायमिंगचा दिवा धरला: पुलीवरची रेघ
खुणेवर येऊन थांबली.
खल्फान वादीच्या वळणापर्यंत जाऊन आला.
मी शटरशी उभा राहून नुसते गिअर ऐकले.
दुसरा. तिसरा.
तिसराच.

बिलात लिहिलं: नळी, पाचशे बैसा.
मजुरीपुढे आडवी रेघ.
त्याने भुवया उंचावल्या.
मी जुनी नळी पुढे धरली, म्हटलं, "हादा अना सव्वी."
हे मी केलंय.
पण आमच्या सनैयातल्या अरबीला भूतकाळ नाही.
त्याने ऐकलं, हे मी दुरुस्त केलं.
"जेन," म्हणाला, "वाजिद जेन,"
आणि माझ्या छातीवर दोनदा थापटलं.

संध्याकाळी रुहुल विचारत होता
ही पिशवीभर लिंबं कुणाची.