बुरुजाखालची उधारी

पुजारी सांगतात ते ऐकलंच असेल तुम्ही.
मी इल्तानी. बाबेलच्या बुरुजाच्या पायथ्याशी,
डांबराच्या कढईला लागून,
माझा जवाच्या दारूचा गुत्ता होता.
छप्पर वेताचं, बाकं माझ्या माहेरची,
आणि भिंतीला टेकवलेल्या मातीच्या पाट्या:
कोण किती प्याला,
कोण किती बुडवणार.

बुरूज स्वर्गाला भिडवायचा होता म्हणे.
गवंड्यांना मात्र कसलीच घाई नव्हती.
रोजंदारी होती. स्वर्ग लागलाच एकदाचा,
तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटायची?
म्हणून सकाळी सात थर चढत,
आणि मुकादम वराद-सिनचा डोळा लागला
की त्यातले दोन गुपचूप उतरत.

त्या दुपारी एक म्हातारा आला.
पायाला धुळीचा कण नाही.
तिथंच मी ओळखायला हवं होतं.
म्हणाला, "वरून आलोय. पाहणीला."
वरून म्हणजे सहाव्या मजल्यावरून,
असं मी धरून चालले.

वेताच्या नळीनं त्यानं एक वाडगा ओढला.
मग दुसरा.
तिसऱ्याला उचकी लागली,
आणि लांब कुठंतरी गडगडलं.
"हे एवढं कशासाठी चाललंय?"
"देवाला भेटायचंय सगळ्यांना."
"कशाला?"
"तक्रारी आहेत," मी फडकं पिळत म्हटलं.
"त्या कुंभाराला मूल नाही, शेजारणीला अकरा.
कुणाची गाढवीण मेली, कुणाची सासू मरत नाही.
एकच भाषा असल्यानं बरं आहे बघा,
दुभाष्या लागायचा नाही. सगळे एकदमच बोलतील."
म्हातारा पांढरा पडला.
"सगळे... येणार?"
"रांगेनं. मीही गुत्ता वरच हलवतेय."

तो तसाच उठला. "उद्या देतो."
नाव विचारलं पाटीवर लिहायला,
तर म्हणतो, "मी आहे तो आहे."
गिऱ्हाईक उधारी बुडवतं, ते माहीत होतं.
नावसुद्धा बुडवतं, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते विपरीतच.
वरच्यानं वीट मागितली, खालच्यानं शेळी पाठवली.
शेळी सहाव्या मजल्यावर पोचली,
वराद-सिननं तिला शिव्या घातल्या,
आणि तेवढ्या तिलाच कळल्या.

मी पाट्या घेऊन वसुलीला निघाले.
काल "अजून एक, इल्तानी!" म्हणून टाळ्या पिटणारे
आज घशातून गुळण्या केल्यासारखे आवाज काढत होते.
खांदे उडवत होते. कानाला हात लावत होते.
मला शंका आली.
एक वाडगा भरला, आणि अगदी हळू,
स्वतःशीच पुटपुटावं तसं म्हटलं:
"फुकट."

चाळीस माना वळल्या.

पण काय करणार? संध्याकाळपर्यंत
जो तो आपल्या गुळण्या घेऊन वाट फुटेल तिकडे गेला.
माझ्या नवऱ्याचीही जीभ बदलली होती.
रात्री अंथरुणावर बसून पुझुर
बराच वेळ काहीतरी बोलत राहिला, डोळे पुसत.
माफी मागत होता,
की मसुरीत मीठ कमी पडलं म्हणत होता,
देव जाणे.
मी माफी धरली.
वीस वर्षांत एवढी शांत झोप लागली नव्हती.

आता पुजारी येतात, अर्ध्या बुरुजाकडे बोट दाखवतात,
माणसाचा गर्व, देवाचा कोप, असं बरंच.
मी भांडी घासत ऐकते.
कोप कसला? तीन वाडगे.
तीन वाडग्यांची उधारी चुकवायला
त्यानं अख्ख्या जगाची बोली मोडली.

तेवढी एक पाटी मी भट्टीत भाजून घेतलीय,
पुसता येऊ नये म्हणून.
मैदानावर गडगडायला लागलं,
की अंगणात जाते,
आणि पाटी दोन्ही हातांनी वर धरते.

ढग लगेच पांगतात.