मधली हवा

तिमिशोआरा. प्रयोगशाळेच्या तळघरात
पंखा सुरू झाला की आधी दाराची कडी वाजते,
मग रुक्सांद्रा बोलायची थांबते.

दोन फटी, नखाएवढ्या रुंद.
त्यांतून दोन झोत, ग्लिसरीनच्या धुराने पांढरे,
समोर पितळेचं आडवं नळकांडं,
आणि लेझरची हिरवी पात सगळ्याला उभी चिरत.

निघताना दोघे सरळ असतात,
ट्रामच्या थांब्यावरच्या माणसांसारखे, ओळख न दाखवणारे.
मग कडा कुरतडल्या जातात.
भोवरे सुटतात, लहानांना गिळणारे थोडे मोठे,
आणि झोत आजूबाजूची हवा पिऊ लागतात.
बाहेरची संपत नाही.
मधली संपते.

"ते एकमेकांना ओढत नाहीत,"
रुक्सांद्रा हवेत बोटाने रेघ काढते,
"ओढायला मध्ये काही उरलेलंच नसतं.
बाहेरची हवा त्यांना ढकलते."

ऑक्तावियन ऐकतो. नळकांडं त्यानेच लेथवर उतरवलंय,
जानेवारीत, हातमोजे न घालता,
कारण पितळ काय म्हणतंय ते हातमोज्याला कळत नाही.
भिंतीशीही झोताचं तेच:
दोघांमधली हवा पिऊन झाली
की त्याला वळावंच लागतं.
सरळ जायला कुणी अडवलेलं नसतं,
तरी तो पाठ धरून जातो, सत्तर अंश, नव्वद, शंभर,
आणि मग एका जागी हात सोडतो.

गणित म्हणतं, एकशे वीसला सोडेल.
सोडतो एकशे चारला.
तीन आठवडे, रोज रात्री, एकशे चारला.
ऑक्तावियनने पितळावर नख फिरवून पाहिलं.
चरा नाही. कण नाही.
त्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

अकरा वाजता लिंडनच्या फुलांचा चहा.
किटली वाकवली की चहा कपात पडत नाही,
चोचीखालून वळून पोटाला चिकटतो
आणि टेबलावरच्या आलेखांवर उतरतो.
ऑक्तावियन खिशातून कागदाची पुडी काढतो,
चिमूटभर लोणी, चोचीच्या ओठाखाली बोट फिरवतो.
धार तुटते. स्वच्छ.
"एउफ्रोसिना करायची. मी हसायचो तिला."
दोन वर्षं झाली. लोणी अजून तो रोज आणतो.

"हवेला लोणी लागत नाही," रुक्सांद्रा म्हणते,
आणि म्हटल्यावर तिला वाटतं, हे आत्ता म्हणायला नको होतं.

ती पुन्हा पंखा लावते.
जोड लागतो त्याच्या पुढे तारेची सुई सरकवत नेते.
पडद्यावर वेगाचा एकच उंचवटा,
कोण कुठल्या फटीतून आला ते पुसलेलं.
"हे सरासरीत," ती म्हणते.
मग दुसरी रेघ उघडते, फक्त थरथरीची.
तिला दोन शिखरं आहेत,
ठेंगणी, पण दोन.

सरासरीत एक. थरथरीत अजून दोघं.

ऑक्तावियन चष्मा काढून पुसतो, पुन्हा लावतो.
"किती लांबपर्यंत?"
ती मोजपट्टी शेवटपर्यंत नेते.
पट्टी भिंतीला टेकते.
"माहीत नाही," ती म्हणते.
"आपलं टेबल तेवढं लांब नाही."