जास्तीचा

वडाळ्याची हवा मिठागराची,
माती तिसऱ्या दिवशीही दमट.
कडा वर वळतात पापडासारख्या.
मी उलटते, वर जुना शब्दकोश ठेवते.

वैजूकडच्या बारशाचे चाळीस टॅग.
फाटक्या परकराची लेस दाबून नक्षी,
शहाळ्याच्या स्ट्रॉने दोऱ्यापुरतं भोक.
मधली जागा कोरी,
आत्याचं नाव अजून ठरत नाहीये.

उरल्या गोळ्याचा एक जास्तीचा झाला,
लाटता लाटता फार पातळ.
टाचणीने सहज लिहिलं त्यावर
कुमुदिनी.
तांदळाच्या ताटात अंगठी फिरली
त्याच्या आधीचं.

सकाळी चाळीसही गारढोण,
तो तेवढा खडखडीत वाळलेला.
किल्लीत ओवला, खाली उतरले,
भाजी घेताना विसरले गाडीवर.

भाजीवाला मागून ओरडत आला:
अहो ताई,
ही कुमुदिनी कोण?