चोपन्न ग्रॅम

कुपवाडच्या मिलमध्ये उसाच्या चिपाडाचा कागद पळतो,
मिनिटाला दोनशे मीटर.
त्याला चिमटीत धरून जाड-पातळ कोण म्हणणार?
वर एक डबी, खाली एक डबी, मधनं कागद.
वरच्या डबीत क्रिप्टॉन.
वास नाही, आवाज नाही, उजेडही नाही.

मला शिकवलं नेमगोंडा मगदुमांनी.
म्हणाले, नदाफ, यातला एखादा अणू बसल्या बसल्या
पोटातनं इलेक्ट्रॉन भिरकावतो.
कुठला, कधी, ते त्यालाबी ठाऊक नसतं.
पण आठवडी बाजाराला कोण येईल सांगता येतं का?
बाजार भरतोच की.

कागद जाड, तर पलीकडं थोडे पोचतात.
पातळ, तर जास्त.
खालची डबी मोजते, काट्यावर ग्रॅम उमटतात.
एवढंच.

त्याला अडवायला आधी प्लास्टिक, मग शिसं, म्हणायचे.
नुसत्या शिशावर आपटला
तर जाता जाता एक्स-रे टाकून जातो.
तापलेल्या माणसाला बी असंच अडवावं, हळू.
आणि शटर बंद आहे का, ते पुन्हा एकदा बघायचे.

छातीवरचा बिल्ला दर तिमाहीला मुंबईला जायचा.
उत्तर यायचं : शून्य.
सव्वीस वर्षं शून्य.
निरोपाच्या दिवशी तो कागद दाखवत म्हणाले,
ही माझी कमाई, बघा.

माझ्या निकाहाच्या साली बसवलेली डबी
आता निम्मी झालीय.
निम्मं आत रुबिडियम होऊन गप्प पडलंय.
उरलेलं अजून खरं बोलतं,
फक्त ऐकायला जरा जास्त थांबावं लागतं.

मगदूम गेले त्याच महिन्यात
केबिनमधनं चिठ्ठी आली : छप्पन नको, चोपन्नवर लाव.
लावलं.
मशीननं चोपन्न इमानानं पाळलं,
रात्रपाळीत एकदाही ढळलं नाही.
वहीच्या पाठीवर अजून छप्पनच छापतात.

काल आफरीननं पान ट्यूबलाइटपुढं धरलं.
अब्बा, मागची बेरीज पुढं दिसते.
कागद पातळ आलाय काय यंदा?

मी जेवत होतो.
ती एक डोळा मिटून बघत राहिली,
किती उजेड
पलीकडनं पोचतो ते.