पहिली खेप

राऊहा निएमेलाने गॅरेज आवरायला काढलं तेव्हा
दहा डॉलरला दिलं ते यंत्र:
दोन रूळ, एक मोटर, आणि रबराचं पिंप
लोणच्याच्या बरणीएवढं.
पट्टा नवा घाल, म्हणाली, आणि घाई असेल
तर आत्ताच परत ठेव, वर्नर.

एकतीस वर्षं मी काउंटीचा बर्फ ढकलला.
रात्री तीनला निघायचं, उजाडेपर्यंत रस्ता काळा करायचा,
दुपारी तो पुन्हा पांढरा.
मला घाईबद्दल कोणी सांगू नये.

एप्रिलमध्ये सुपीरियर सरोवराच्या काठावर
बर्फाच्या लाद्या चढून बसतात, आणि वितळताना
तळाचं काहीबाही ठेवून जातात.
उन्हाकडे तोंड करून चालायचं, कमरेत वाकून.
अकीक असेल तर आतून पेटतो,
नाहीतर तो नुसता लाल दगड, तोही काही वाईट नसतो.
माझी नात सिग्ने, वय सहा, तिचा नियम वेगळा:
मुठीत मावेल तो आपला.
तिने एक पांढुरका उचलला, खडूसारखा.
नाव ठेवलं बिस्किट.

मी म्हणायला हवं होतं, हा मऊ आहे.
चाकूने ओरखडा काढून दाखवायला हवा होता.
राऊहाने बजावलं होतं: कणखरांत कणखरच घाल,
पिंपात दयामाया चालत नाही.
पण ती त्याला ओठांशी धरून काहीतरी सांगत होती.
घातला.

पिंप दोन तृतीयांश भरायचं.
कमी भरलं तर दगड आपटतात, जास्त भरलं तर हलतच नाहीत.
चार चमचे जाडी भुकटी,
पाणी दगडांच्या खांद्यापर्यंत.
झाकणाची कड पुसायची, एक कण राहिला तरी गळतं.
मग कळ दाबायची, आणि सात दिवस
काहीही करायचं नाही.

हे शेवटचं सर्वांत अवघड.

तळघरातून आवाज यायचा,
कोणीतरी तांदूळ धुतंय आणि धुतंच आहे.
मी जिन्यावर बसून ऐकायचो, शेजारी मांजर.
छिन्नी नाही, हातोडा नाही, कोणी कोणाला घडवत नाही;
दगड दगडांशी अंधारात हुज्जत घालतात
आणि कोपरे एकेक करून मुद्दा सोडतात.

आठव्या दिवशी सिग्ने आली, बाह्या वर सारून.
झाकण उघडलं. पिंपाने ढेकर दिली.
चाळणी धरून बादलीत ओतलं, मोरीत नाही,
हा गाळ पाइपात बसला की सिमेंट होतो.
जुन्या टूथब्रशने तिने एकेक घासला,
मोजला. बावीस.
घातले होते तेवीस.

बिस्किट कुठाय?

मी चाळणी हलवली. पिंपात मनगटापर्यंत हात घातला.
खोटं बोलायला वेळ भरपूर होता.
शेवटी बादलीकडे बोट दाखवलं.
ती बराच वेळ त्या राखाडीकडे बघत राहिली.
सगळं?
सगळं.
आणि बाकीच्यांचंही थोडं थोडं?
हो. त्यांचंही.

तिने आइस्क्रीमचा रिकामा डबा मागितला.

पुढे दुसरी भुकटी, तिसरी, मग पॉलिश.
दर वेळी पिंप धुवायचं, अगदी खळखळून;
एकदा मी आळस केला, जाड्या भुकटीचा एखादा कण मागे राहिला,
त्याने सगळ्या खेपेवर रेघोट्या मारल्या,
पुन्हा पहिल्यापासून.
जुलैत अकीक निघाले. कोरडे असून ओले दिसणारे,
तांबड्या वळ्यांचे.
राऊहाने एक उचलून गालाला लावला.
बरा आहे, म्हणाली. तिने नवऱ्यालाही
याहून जास्त कधी म्हटलं नव्हतं.

सिग्नेने ते पाहिले, पाहिल्यासारखे केले.
तिच्या खिडकीत आहे ती वेगळीच वस्तू:
माझ्या फळीवर वाळलेली राखाडी वडी,
व्हॅनिलाच्या डब्याच्या आकाराची, हाताला जड,
वर एक अंगठा उमटलेला.
कोणी उचलायला गेलं की ओरडते,
हात लावू नका,
अजून वाळतंय.